फळ्याच्या चौकटीतलं कुंकू

घाटकोपरच्या आमच्या भागात गेल्या दिवाळीपासून एक कुजबुज फिरत होती, की मराठी शाळेतल्या राऊळबाईंनी नव्या डिजिटल फळ्यावर करणी केली. कुजबुज अगदी तपशिलासकट होती. बाईंच्या डोळ्यांत तो फळा म्हणे खुपत होता. वर्गात कोणी नसताना त्यांनी दार लावून घेतलं, कुंकू टाकलं, काहीतरी पुटपुटल्या, आणि सुट्टीनंतर फळा आपोआप रेघोट्या मारायला लागला. भाजीवालीकडे उभ्या उभ्या मी ही बातमी वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकली आणि दर वेळी तिच्यात एक लिंबू वाढलं. शेवटी शेवटी तर काळी बाहुलीसुद्धा आली. बाहुली मला विशेष आवडली.

पण राऊळबाईंना करणी करताना डोळ्यांसमोर आणायचं म्हणजे कठीणच. वनमाला राऊळ, मूळच्या सावंतवाडीकडच्या, वडील गिरणीत जॉबर, म्हणजे यंत्रांवरचे मुकादम. शाळेत भूगोल शिकवतात. खडू हातात घेतला की तोंड वर्गाकडे आणि हात मागे फळ्यावर, असा न बघताच महाराष्ट्राचा नकाशा काढतात. कोकणपट्टी त्यात जरा ऐसपैस येते, पण तेवढं माहेरचं प्रेम चालायचंच. निऱ्यांवर कायम खडूची पूड. माझी बायको वसुधा ही त्यांची चाळीपासूनची मैत्रीण. दोघी आमच्या स्वयंपाकघरात बसून जे बोलतात ते बाहेरच्या खोलीत मला स्वच्छ ऐकू येतं. घर लहान आहे, त्याला मी काय करणार.

तर फळा. शाळेचा माजी विद्यार्थी सुयोग, त्याचं मालाडला मोठं ऑफिस आहे. त्याने आठवीच्या वर्गाला हा फळा भेट दिला. बोट लावलं की लिहितो, चित्र हलवतो, चित्रफीत दाखवतो. पोरं खूश, मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका नलिनी पाटकर, त्याहून खूश. राऊळबाई मात्र घाबरल्या. पण घाबरल्याचं दाखवतील तर त्या बाई कसल्या. तास सुरू झाला की म्हणायच्या, "श्रुतिका, ये बघू, फळा सुरू करून दाखव. बघू किती शिकलीस." श्रुतिका बिचारी मान डोलवत सुरू करायची. तास संपताना दुसऱ्या कोणाची तरी बंद करण्याची परीक्षा. वर्गाला वाटायचं बाई सगळ्यांना संधी देतात.

हे बिंग ओळखलं ते तायडे सरांनी. प्रबुद्ध तायडे, पोरगेलासा माणूस, घरचे बुलढाण्याकडचे, स्वतः वाढला कुर्ल्यात. विज्ञान शिकवायचा. संस्थेने त्याला करारावर घेतलं होतं आणि त्या दिवाळीआधीच्या सभेत त्याला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. फळ्याची जबाबदारीही त्याच्याकडेच. त्याने बाईंना चारचौघांत एक शब्द विचारला नाही. शाळा सुटल्यावर म्हणाला, बाई, मला तुमच्याकडून नकाशा काढायला शिकायचंय, बदल्यात मी फळा दाखवतो. नकाशा शिकण्यात त्याला कितपत रस होता देव जाणे. बाईंचा मान राहिला एवढं खरं.

पहिल्या दिवशी त्याने फळ्यावर पृथ्वी आणली आणि म्हणाला, फिरवा. बाईंनी एक बोट लावलं. पृथ्वी फिरली. सगळा जन्म वर्गात चेंडू आणि मेणबत्ती घेऊन दिवस-रात्र शिकवणारी ही बाई, ती त्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन वसुधाला सांगत होती, "गो, बोटान फिरता गो पृथ्वी." लग्न ठरलेल्या मुलीचा असतो तसा आवाज. महिन्याभरात बाई फळ्याच्या इतक्या प्रेमात पडल्या की त्यांच्या बाळाभावजींना, म्हणजे नवऱ्याला, मी म्हटलंसुद्धा, जपा, हातची जाईल.

तायडेने फळा कसा चालतो तेही सांगितलं होतं. चौकटीच्या आतल्या कडेतून न दिसणारे किरण या टोकाकडून त्या टोकाला जातात. बोट मधे आलं की किरण अडतो आणि फळ्याला कळतं बोट कुठे आहे. म्हणून त्या कडेला काही लागू द्यायचं नाही. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी आकृती काढून पोरांनाही समजावून सांगितलं. हे लक्षात ठेवा. बाईंना माहीत नव्हतं असं नव्हतं.

मग आलं शाळेतलं सरस्वतीपूजन, दसऱ्याच्या सुट्टीआधीचं. पूर्वी पोरं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आणायची. आता पाट्या कुठे? राऊळबाईंच्या वर्गाने ती फळ्यावरच बोटाने काढली. तायडेने मदत केली, फुलं टेबलावर ठेवा एवढंच सांगितलं, आणि आरतीच्या वेळी दाराशी हात मागे बांधून शांत उभा राहिला. त्याच्या घरी या पूजा नसतात. त्याने कोणाला अडवलं नाही, कोणी त्याला बोलावलं नाही. स्टाफरूममधल्या दोघा-तिघांनी ते उभं राहणं मात्र टिपून ठेवलं. अशा नोंदी ठेवायला लोकांना वही लागत नाही.

सगळे गेल्यावर बाई एकट्या मागे राहिल्या. गिरणीत दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, कामगारांच्या पोराबाळांना त्या दिवशी आत सोडायचे. वडिलांच्या यंत्राला हळदकुंकू लावायचा मान वनमालाचा. ज्याच्यावर पोट भरतं त्याला कुंकू नाही, हे बाईंच्या मनाला पटेना. टेबलावर फुलं ठेवली म्हणजे पूजा झाली का? त्यांनी वाटीत कुंकू कालवलं आणि दाराच्या चौकटीला लावतात तशी फळ्याच्या खालच्या चौकटीला बोटं लावली. आतल्या कडेला. वरून झेंडूची माळ सोडली. नमस्कार केला आणि घरी आल्या. मनात एकदा आलं होतं, तायडे नको म्हणाला होता. पण एका दिवसाने काय होतंय, असं वाटलं.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी सुयोग फळा बघायला येणार होता. बाई लवकर गेल्या. माळ काढली. कुंकू वाळून चिकटलेलं, म्हणून पदराचं टोक ओलं करून भराभर पुसलं. वरचं निघालं, बाकीचं ओलं होऊन कडेच्या फटीत शिरलं. घाईत देवाचं नाव घेत होत्या. खिडकीतून रतन शिपायाने बाईंना पाहिलं, फळ्याशी वाकून पुटपुटताना. तेव्हा त्याला काही वाटलं नाही. वाटायला नंतर वेळ मिळाला.

सुयोग आला, मोठ्या बाई आल्या, तायडेने फळा सुरू केला आणि फळ्याची वाट लागली. कोणी हात न लावता रेघा उमटायला लागल्या. पृथ्वी गरगर फिरली, प्रशांत महासागरावर थांबली, लहान झाली, गायब झाली. पोरं हसली. सुयोग हसला नाही.

तायडे वाकून बघायला गेला. म्हणाला, कडेत काहीतरी अडकलंय, मी साफ करतो. मोठ्या बाईंनी अडवलं. आता हात लावू नका, कंपनीचा माणूस येईल, वॉरंटी जाईल. मग स्टाफरूममध्ये चौकशी. फळा कोणाकडे होता? तायडेंकडे. फळ्याच्या सामानाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे? तायडेंकडे. त्यांनी स्क्रू-बिक्रू काढले असतील. मग कोणीतरी हळूच बोललं, त्या दिवशी आरतीला कसे उभे होते बघितलंत ना, फळ्यावरची सरस्वती काही रुचली नसेल.

तायडेने त्या बोलणाऱ्याकडे पाहिलंच नाही. त्याने राऊळबाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनीही विचारलं, राऊळबाई, त्या दिवशी शेवटी तुम्हीच होतात ना?

बाई म्हणाल्या, "मी निघाले तेव्हा चांगला होता."

हे वाक्य खोटं नव्हतं, त्यातच सगळी मेख. त्या निघाल्या तेव्हा फळा बंद होता आणि बंद फळा चांगलाच असतो.

कंपनीचा माणूस येता येईना. दिवाळीआधीची सभा मात्र ठरल्या दिवशी झाली. तायडेंना कायम करू नये, महागडं साधन निष्काळजीपणे हाताळलं, असं ठरलं. राऊळबाई सभेला शिक्षक प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. त्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या, चहा तसाच ठेवून गेल्या. वसुधाने विचारलं तर म्हणाल्या, पित्त झालंय.

शेवटच्या दिवशी तायडे सगळ्यांना भेटला. बाईंपाशी आला तेव्हा वर्गात दोघंच होती. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, फळा पुसायला कोरडं फडकं घेत जा. ओलं नको."

एवढंच. बाई खाली बघत राहिल्या. साडी तीच होती, पदराच्या टोकाला अजून गुलाबी डाग होता. मान वर केली तोवर तो जिना उतरला होता.

तो गेला आणि दिवाळीनंतर कंपनीचा माणूस उगवला. त्याने चौकट उघडली, कागदावर झटकली, लालभडक भुकटी पडली. कोणी कुंकू टाकलं, असं विचारून तो हसला. आता रतनला खिडकीतलं दृश्य आठवलं. रतनने ते सांगितलं, ऐकणाऱ्यांनी वाढवलं, आणि करणी जन्माला आली. फळा दुरुस्त झाला. बाईंनी त्याला पुन्हा बोट लावलं नाही. पोरं म्हणायला लागली, बाई फळ्याला घाबरतात, कारण त्यांनाच माहीत आहे आत काय बसलंय.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढे आहे. बाईंनी ही कुजबुज कधी खोडली नाही. करणीवाली म्हणवून घेणं त्यांना सोपं वाटलं. त्यात निदान तायडेचं नाव येत नव्हतं.

एका दुपारी मात्र त्या मोठ्या बाईंकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं. आता काय उपयोग, म्हणाल्या, तो गेला, चेंबूरला लागलासुद्धा म्हणे शिकवणीच्या क्लासमध्ये. कशाला शाळेचं नाव. तुमची दोन वर्षं राहिली आहेत निवृत्तीला. बाई उठल्या आणि सरळ आमच्या घरी आल्या. आमच्याच फोनवरून तायडेला फोन लावला, कारण स्वतःच्या फोनवरून केला तर तो उचलणार नाही अशी भीती. फोनचा आवाज मोठा ठेवायची माझी सवय, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू आल्या.

बाई म्हणाल्या, "प्रबुद्ध, कुंकू मी लावलं होतं."

"मला माहीत होतं, बाई. कडेला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"मी बोललो असतो तर म्हणाले असते, पूजेचा राग काढतोय. तुम्ही बोलला असता तर ऐकलं असतं. म्हणून मी तुमच्याकडे बघितलं."

मग तोच म्हणाला, क्लासची वेळ झाली, ठेवतो. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. फोन ठेवून त्या वसुधाला म्हणाल्या, "माका म्हायत होता गो. पयल्या दिसापासून म्हायत होता." मग माझ्याकडे वळल्या. तुम्ही गावभर सगळं सांगत असता ना, हेही लिहा, नावासकट. लोकांची करणी मला नको.

म्हणून लिहितो. करणी कोणी केली नाही. लिंबू नव्हतं, बाहुली नव्हती. फळ्याच्या कडेला कुंकू राऊळबाईंनी लावलं, फळा त्याने बिघडला, हे त्यांना त्याच दिवशी कळलं, आणि प्रबुद्ध तायडेची नोकरी जात असताना त्या गप्प बसल्या.