बद्द वाजलेला क्रँक

परवा तडा गेलेलं काशाचं ताट हातातून पडलं, आणि त्या बद्द आवाजानं चिखलीचं आमचं गॅरेज आठवलं. तिथं मी उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतो. अमडापूरच्या एका ट्रॅक्टरचा जुना क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, उस्तादांनी साखळीला टांगून त्यावर हातोडी मारली. चांगला क्रँक घंटेसारखा वाजतो. हा बद्द वाजला, म्हणजे आत तडा होता. "खणखणीत हाये, हाच बसवू. काय म्हनतं बे?" उस्तादांनी मला विचारलं. त्यांना नीट ऐकू येत नाही, हे फक्त मला माहीत होतं. ट्रॅक्टरवाला समोर उभा होता. मी म्हणालो, "हाव, उस्ताद." आठ दिवसांत क्रँक तुटला आणि अख्खं इंजिन गेलं. हातोडी माझ्या हातात देत उस्तादांनी हळूच विचारलं, "तुले बी ऐकू नाई आलं काय बे?" मी "नाई" म्हणालो. ते परत गॅरेजात आले नाहीत. हातोडी अजून माझ्याकडे आहे. मी ती कधी कशावर मारलेली नाही.