फोटोपुरतं ऊन

मावशींचे गुडघे गेले ते पायमशीन चालवून. नवरा अकाली गेल्यावर त्यांनी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, शाळेच्या पोरांचे गणवेश, कुणाच्या पडद्यांची शिवण, जे येईल ते शिवून मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावलं. मुलगी परगावी गेली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता पॅडल मारायचं नाही. मग मावशींनी मशीनला मोटर बसवून घेतली. गुडघ्यांना आराम मिळाला, पण विजेचा तोरा सोसावा लागला. गिऱ्हाईक दारात उभं आणि वीज गेलेली, असं रोजचंच झालं.

धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, अधूनमधून जेवायला येत. सरकारी अनुदान मिळवून देणं हा त्यांचा धंदा. पाण्याची टाकी असो की संडास, भाऊजींचा हात आधी आत. एकदा ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "वहिनी, छतावर सोलर बसवून टाकू. बहुतेक खर्च सरकारच देतं. तुमचा हिस्सा नावापुरता. बॅटरीसकट देतात, मग वीज गेली काय अन् आली काय."

"होईल ना नक्की?"

"घरचा माणूस असताना परक्यासारखं काय विचारता?"

मावशींनी आपला हिस्सा दिला, घराची कागदपत्रं दिली, सांगितलं तिथे सह्या केल्या. काही दिवसांनी फिटर आले, छतावर लोखंडी चौकट ठोकली, पॅनेल चढवली, खाली जिन्यात बॅटरी ठेवली. मावशी गुडघे सांभाळत वर गेल्या. एका पॅनेलचा कोपरा तडकला होता, बाकी सगळं झकास. तपासणीचे साहेब आले. त्यांनी मावशींना पॅनेलजवळ उभं केलं, "हसा की मावशी" म्हणाले आणि फोटो काढला. मावशी मनापासून हसल्या. त्या दुपारी वीज गेली तरी मशीन थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी फिटर परत आले आणि सगळं उतरवू लागले.

"तडकलंय ना एक," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "कंपनीत बदलून आणतो."

"एक तडकलं म्हणून सगळी नेता? आणि बॅटरी?"

"सगळा सेट एकत्र जातो, मावशी." बोलताना त्यानं एकदाही मान वर केली नाही.

मावशी वाट पाहत राहिल्या. भाऊजींचा फोन लागेना. पुढे एका सकाळी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नर्सबाईंचा शिवलेला गणवेश द्यायला त्या गेल्या, तर नर्सबाईंच्या गच्चीवर पॅनेल चढलेली. मावशी जिना चढून वर गेल्या आणि तडकलेल्या कोपऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ही माझी आहेत," त्या म्हणाल्या.

नर्सबाईंनी त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं. "हळू बोला. कुणाचीच नाहीत ती. आता माझ्याकडे फोटो, मग पलीकडच्या बोळात. आपलं नाव वापरू दिल्याबद्दल थोडे पैसे हातावर ठेवतात. तुम्हाला नाही दिलं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. करणारा तुमच्या घरचाच तर माणूस आहे. आम्हाला वाटलं, तुम्ही सामील असाल."

गणवेश नर्सबाईंच्या हातात कोंबून मावशी तशाच योजनेच्या कचेरीत गेल्या. खिडकीपलीकडच्या कारकुनानं संगणकात पाहून सांगितलं, "तुमच्या नावावर मंजूर होऊन वाटपही झालंय. एका घराला एकदाच मिळतं. आता पुन्हा अर्ज करता येणार नाही."

"पण माझं छत रिकामं आहे."

"आमच्याकडे तर भरलेलं दिसतंय," असं म्हणून त्यानं मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे योजनेची जाहिरात लावली होती. जाहिरातीत पॅनेल होती आणि पॅनेलशेजारी हसणाऱ्या मावशी होत्या. स्वतःचे दात बघून मावशींना शिसारी आली. इतकं तोंडभरून आपण कुणासाठी हसलो, हे त्यांना कळेना.

त्यानंतर भाऊजी आले ते नेहमीसारखे जेवायलाच. मावशींनी वाढलं, समोर बसल्या आणि सगळं विचारलं. भाऊजींचा घास थांबला नाही.

"वहिनी, छत आधी रिकामं होतं, आताही रिकामं आहे. तुमचं गेलं काय? तुमचा हिस्सा देईन की परत. आणखी थोडी भाजी वाढा."

चोरी पकडल्यावर माणूस वरमतो, निदान खोटं तरी बोलतो, असं मावशींना वाटत होतं. हा तर बोटं चाटत होता. त्यांनी भाजीचं पातेलं उचलून आत नेलं. बाहेर आल्या त्या हात धुऊनच, आणि भाऊजी उठून जाईपर्यंत उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

नर्सबाईंकडे साहेब तपासणीला आले, त्या दिवशी मावशी आधीच गच्चीवर जाऊन पॅनेलांसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"बाई, जरा बाजूला व्हा, फोटो घ्यायचाय," साहेब म्हणाले.

"घ्या की. याच पॅनेलांजवळ मला हसायला लावून मागेही घेतलात."

साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून खाली उतरले. गच्च्यागच्च्यांवरून लोक बघत होते.

दुसऱ्याच दिवशी फिटर पॅनेल आणि बॅटरी घेऊन मावशींच्या दारात हजर. "तुमच्या भाऊजींनी पाठवलंय. तुमची तुम्हाला. आता विषय संपवा."

मशीन पुन्हा चालू लागलं. गल्लीतले म्हणू लागले, मावशींनी आपली पोळी बरोबर भाजून घेतली. फोटो हुकून हातावरचे पैसे गेले म्हणून नर्सबाईंनी बोलणं टाकलं. मावशी शिवत होत्या, वीज गेली तरी शिवत होत्या, पण मोटरीची घरघर ऐकली की त्यांना भाऊजींचं बोटं चाटणं आठवायचं. एक दिवस त्यांनी कपडा मशीनवर तसाच सोडला, रिक्षा केली आणि वरच्या कचेरीत जाऊन रीतसर तक्रार नोंदवली. मुलगी फोनवर चिडली.

"आई, मिळालं होतं ना? कशाला उकरून काढलंस?"

"मिळालं नव्हतं गं. तोंड बंद करायला दिलं होतं."

चौकशी लागली. पुरावा म्हणून बॅटरीसकट पॅनेल जप्त झाली आणि कचेरीच्या मागच्या अंगणात आडवी पडली. मावशी जबाब द्यायला गेल्या, तेव्हा त्या पॅनेलांवर कुणीतरी धुतलेल्या सतरंज्या वाळत घातल्या होत्या. साहेबांची बदली झाली, तीही म्हणे बढतीवर. भाऊजी काही दिवस दिसले नाहीत. मग पांढऱ्या कापडाचा तागा काखेत मारून दुकानात आल्यासारखे थेट मावशींच्या खोलीत शिरले.

"झालं गेलं सोडा, वहिनी. पाणी उपसायच्या पंपांची नवी योजना आलीय, उद्घाटनाला चांगला कुडता हवा. तुमच्या हाताची शिवण दुसऱ्या कुणाला नाही."

मावशींनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"माप घेणार नाही, भाऊजी. माप घ्यायला अंगाला हात लावावा लागतो."

भाऊजी हसले, कापड उचलून निघून गेले. कुडता दुसऱ्या शिंप्याकडे शिवला आणि उद्घाटनही झालं. मावशी आता वीज असेल तेवढंच काम घेतात. गिऱ्हाईकं कमी झाली आहेत. नर्सबाई अजून बोलत नाहीत, पण गणवेश मात्र मावशींकडेच शिवायला टाकतात.