शालूताईंचं ताक आणि बीपी

मेकअपच्या खुर्चीत बसलं की माणूस बोलायला लागतो. गोरेगावच्या आमच्या सिरीयलच्या सेटवर माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की फाउंडेशन संपतं, किस्से संपत नाहीत. त्यातले बरेचसे शालूताईंचे. आमच्या सिरीयलमधली सासू. माहेर मालवणचं, वय साठीच्या पुढे, बीपी जुनं.

*

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, दुधातली प्रथिनं पचताना त्यांचे बारीक तुकडे होतात, त्यातले काही रक्तवाहिन्या जरा सैल करतात असं दिसलंय. दही-ताक घ्या, पण फरक थोडाच पडेल, गोळी सोडायची नाही. ताईंनी अर्धंच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सेटवर ताकाचा थर्मास यायला लागला.

*

पुढच्या तपासणीत बीपी चढलेलंच. डॉक्टरांनी विचारलं, ताकात मीठ किती? ताई म्हणाल्या, चवीपुरतं. थर्मास सोबत होताच. डॉक्टरांनी एक घोट घेतला आणि आधी पाणी मागितलं.

*

मग तो भांडणाचा सीन. सुनेवर ओरडायचं होतं. टेक झाला आणि मी पावडर लावायला गेले, तर मेकअपखालून कान लालभडक, मानेची शीर नुसती उडतेय. डोकं ठणकतंय, म्हणाल्या. मी हळूच विचारलं, गोळी घेतलीत ना?

"गोळ्यो बंद केलंय गो. ताकान भागता."

मी शूटिंग थांबवायला सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला, एवढा एक शॉट होऊ दे. मी ब्रश खाली ठेवला आणि ताईंच्या समोर उभी राहिले. फर्स्ट एडच्या पेटीतून बीपीचं मशीन आलं. आकडा बघून दिग्दर्शकानेच गाडी बोलावली.

रस्ता जाम. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलेलं. एरवी अखंड बोलणारी बाई हॉस्पिटल येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

वेळेवर आणलंत, एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले.

*

ताई बऱ्या होऊन परत आल्या, त्या दिवशीचा सीन लेखकाने मुद्दाम लिहिलेला. सासू देवाला नमस्कार करते आणि गोळी घेते. प्रॉपवाल्याने वाटीत साखरेची गोळी ठेवली होती. ताईंनी ती बाजूला सारली, कमरेच्या बटव्यातून स्वतःची गोळी काढली आणि कॅमेऱ्यासमोर पाण्याबरोबर गिळली.

शॉट झकास झाला, पण फोकस गेला. दिग्दर्शक म्हणाला, ताई, रीटेक.

ताईंनी ग्लास खाली ठेवला.

"आता उद्या. डॉक्टरान दिवसाक एकच सांगल्यान हा."