लिंबाजी मिस्त्रीनं काम पक्कं केलं होतं

लिंबाजी मिस्त्री गेल्याचं मला सेनगावच्या दवाखान्यात, रांगेत बसलेलो असताना कळलं. शेजारचा माणूस सहज बोलून गेला, "तो फवारणीचे पंप दुरुस्त करायचा ना, तो गेला परवा." लिंबाजीची ओळख तेवढीच उरली होती... आणि ती तेवढीच उरली, याला कारण मी.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी लिलावातला एक जुना लष्करी ट्रक पुसेगावला आणला. काळ्या रानात दुसऱ्यांच्या गाड्या रुतायच्या, हा सोयाबीन भरून बाहेर यायचा. पण त्याची चारही चाकं सदा जोडलेली. कोरड्या सडकेवरही पुढची चाकं ओढत राहायची. डिझेल प्यायचा आणि टायर खायचा. लिंबाजी म्हणाला, "सडकेवर चार बैलं कशाला? दोन पुरतात." त्यानं पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा मधला गिअर काढला, तिथं स्वतः घडवलेला, दांड्यानं लावता-सोडता येणारा जोड बसवला आणि पुढची दोन्ही चाकं जोडायला-सोडवायला त्यांच्यावर हातानं फिरवायच्या टोप्या लावल्या. आठ दिवस तो ट्रकखालीच होता. जेवणाचा डबाही बायको गयाबाई खाली सरकवायची.

गाडी देताना त्यानं मला बजावलं, "पाटील, चिखलात शिरायच्या आधी उतरायचं, दोनी टोप्या फिरवायच्या, मंग दांडा वढायचा. डांबरावर आलं की दांडा सोडायचा, पुन्हा उतरून टोप्या सोडवायच्या. न्हाई तं वळणावर तुटंल."

"म्हणजे दर खेपेला मी चाकापाशी वाकू?"

"वाकावंच लागंल. गाडी पाटील-बिटील वळखत न्हाई!"

आम्ही दोघंही हसलो होतो.

त्या दिवाळीआधी ओल्या रानातून माल भरून मी फाट्यावर आलो. हॉटेलसमोर गावातली माणसं बसलेली. त्यांच्यापुढं उतरून चाकाशी वाकायची मला लाज वाटली. दांडाही तसाच राहू दिला... सेनगावच्या स्टँडसमोर वळण घेतलं आणि खालून कडाड आवाज झाला. गर्दी जमली. "काय झालं पाटील?" मी म्हणालो, "मिस्त्रीनं काम कच्चं केलं."

लिंबाजी आला. पुढच्या चाकाला हात लावताच त्याला कळलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग कुणाच्या ध्यानात यायच्या आत दोन्ही टोप्या गुपचूप सोडवल्या आणि म्हणाला, "चला, वढून नेऊ."

माझी चूक त्यानं झाकली. मी मात्र त्याला उघडं पाडलं. "ज्याला पाटलाची गाडी जमली न्हाई, त्याच्याकडं काहून जायचं?" असं लोक बोलू लागले. ट्रक-ट्रॅक्टरवाले तुटले. ज्या हातानं गिअर घडवले, त्या हातात पंपांचे वायसर आले. सेनगावला जाता-येता मी त्याच्या दारावरून जात होतो. नजर समोर ठेवून.

तेरवीला मी गयाबाईंपुढं सगळं कबूल केलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला ठावं हाय. पर ते कुणाला बोलू देत न्हवते. मनायचे, पाटील सोताच सांगतील." मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "मला काहून सांगता? जिथं बोललात तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी स्टँडसमोर गेलो. चहाच्या टपरीवर बसलेल्यांना सांगितलं, "लिंबाजी मिस्त्रीचं काम पक्कं होतं. गाडी मी मोडली, खोटंही मीच बोललो." त्यांनी मोबाइलमधून माना वर केल्या. एकानं विचारलं, "कोण लिंबाजी, आजोबा?"

म्हणून हे लिहिलं. तेरवीच्या दिवशी मी निघताना गयाबाईंनी गोणपाटात गुंडाळलेला एक जड गिअर माझ्या हाती दिला होता. ट्रकमधून काढलेला, मूळचा. मालकानं कधी परत मागितला तर द्यावा, म्हणून लिंबाजी दर खंडेनवमीला तो पुसून, हळदकुंकू लावून, नवं ग्रीस चोपडून ठेवायचा. ट्रक केव्हाच भंगारात गेला. गिअर माझ्या ओट्यावर आहे. त्याच्या एकाही दातावर गंज नाही.