चंदेरी रंगाचं इंजिन

इंजिन नव्यानं बांधून झालं आणि पहिल्याच आठवड्यात मोलगीच्या घाटात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. दिव्यापाठोपाठ गाडीचा जोर गेला. एरवी दुसऱ्या गिअरवर चढणारी गाडी पहिल्यावर आणावी लागली. मागच्या सीटवर बर्फाच्या डब्यात अक्कलकुव्याहून घेतलेले रक्ताचे नमुने होते. नंदुरबारला माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. वरच्या गावांतल्या दवाखान्यांतून नमुने आणण्याचं काम मी दुसऱ्या कुणाकडे देत नाही. उशीर झाला तर रक्त फुटतं आणि रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. त्या दिवशी कशीबशी वर पोचले. उतरताना काही त्रास झाला नाही, पण उताराला तो कुठल्याच गाडीला होत नाही.

घरी सांगितलं तर यजमानांना वाट बघत असल्यासारखा आनंद झाला. "आते तरी सुरतले कंपनीना वर्कशॉपमा लई जा. तो ट्रॅक्टरवाला शे, एक दिवस गाडीले नांगर जोडी देई."

आमची शेती रनाळ्याला. घरचा ट्रॅक्टर माझ्या सासऱ्यांच्या काळापासून नंदुरबारच्या एकाच गॅरेजात जातो. तिथं बाप-लेक काम करतात. बापाला सगळे चाचा म्हणतात, मुलाला मी भाई म्हणते. चाचांनी जन्मभर ट्रॅक्टर उघडले आणि बांधले. भाईला मात्र मोटारींची कामं घ्यायची होती, आणि चाचा ती घेऊ देत नव्हते. पाण्याचा पाइप फुटून माझं इंजिन तापलं, पिस्टन चिकटले, तेव्हा भाईनं ते काम मागून घेतलं. चाचा शेवटी म्हणाले, एक गाडी कर. नीट चालली तर पुढचं बघू. पुन्हा उघडावी लागली किंवा सुरतला गेली, तर या गॅरेजात मोटारीचं नाव काढायचं नाही.

हे बोलणं माझ्यासमोरच झालं होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी गॅरेजच्या दारात उभी केली, तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. चाचा लिंबाखाली खाटेवर बसले होते. त्यांनी पिवळ्या दिव्याकडे पाहिलं आणि मग मुलाकडे पाहिलं.

भाईनं स्कॅनर जोडला. "नॉक सेन्सरना कोड शे, भाभी."

नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टनं बसवलेला एक छोटा कान. सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधी भडकलं की ठोका बसतो. तो ठोका सेन्सर ऐकतो आणि गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. जोर कमी होतो, पण इंजिन वाचतं. सेन्सरकडून धड काही ऐकू आलं नाही, तर कॉम्प्युटर घाबरून ठिणगी सरसकट उशिराच पाडतो. घाटात तेच झालं असावं.

"म्हणजे सेन्सर खराब, की इंजिन?"

"सेन्सर खराब निंघना तर बरं," तो म्हणाला.

चाचा उठले. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला. इंजिन भाईनंच चंदेरी रंगानं रंगवलेलं होतं. आमच्याकडे बांधलेला ट्रॅक्टर रंग मारून, नारळ फोडूनच गॅरेजबाहेर काढतात. माझ्या गाडीचंही सगळं यथासांग झालं होतं. चाचांनी भाईला रेस वाढवायला लावली, कमी करायला लावली.

"आवाज साफ शे," ते म्हणाले.

"मंग दिवा कसाले लागस?" मी विचारलं.

"ते दिवाले विचार, बेटा. मन्हाशी तो बोलत नही."

भाईनं नवा सेन्सर मागवला. तो येईपर्यंत मी प्रवासी जीपनं नमुने आणले. जीप भरल्याशिवाय हलत नाही. एका दिवशीचे बरेच नमुने टाकून द्यावे लागले आणि लोकांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. त्यांनी मला जे ऐकवलं ते योग्यच होतं.

नवा सेन्सर बसला. मी घाटात गेले. दिवा लागला.

आता भाईचा चेहरा उतरला. त्यानं सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर तपासली. कुठं तुटलेली नव्हती, प्लगमध्ये गंज नव्हता. मग उरलं काय? एक तर कॉम्प्युटर, म्हणजे सुरत. नाहीतर त्यानं बांधलेलं इंजिन, म्हणजे ते पुन्हा खाली उतरवायचं. दोन्हीकडे त्याचं मोटारीचं काम संपत होतं.  चाचांनी फक्त विचारलं, "सुरतले कोन लई जाई? तू का भाभी?"

"थांबा," भाई म्हणाला. त्यानं इंजिन चालू ठेवलं, स्कॅनर माझ्या हातात दिला आणि सेन्सरच्या बाजूला ब्लॉकवर पान्यानं ठोकलं. "ठिणगीना आकडा देखा. कमी व्हवाले पाह्यजे."

आकडा हलला नाही. त्यानं आणखी जोरात ठोकलं. तरी नाही.

"नवा सेन्सर बी भयरा?" तो स्वतःशीच म्हणाला.

लॅबमध्ये दोन वेगळ्या मशिनींवर एकच विचित्र आकडा आला, तर मी मशिनी उघडत बसत नाही. नमुना कसा काढला ते विचारते. दंड फार वेळ आवळून ठेवला होता का, चुकीच्या बाटलीत भरलं का. बहुतेक वेळा उत्तर तिथंच असतं. मी भाईला म्हटलं, "सेन्सर सोडा. तो कसा बसाडा, ते माले दखाडा."

"बोल्टवरी बसाडा. अजून कसा बसाडतस?"

"काढा तरी."

त्यानं इंजिन बंद करून बोल्ट काढला. सेन्सर हातात आला आणि त्याच्याखालून एक स्प्रिंग वायसर, बोल्टात घालायची चिरलेली लोखंडी कडी, टपकन खाली पडला. जिथून तो निघाला त्या जागी चंदेरी रंगाचा जाड थर होता आणि त्यावर वायसरची गोल खूण. भाई त्या खुणेकडे बघत राहिला. मला ते लगेच कळलं नाही. त्याला कळलं होतं. सेन्सर लोखंडाला टेकलेलाच नव्हता. मधे रंग होता, रंगावर स्प्रिंग होती. ठोका त्याच्यापर्यंत पोचणार कसा? जुना काढताना पडलेला वायसर त्यानं उचलून नव्याखालीही इमानेइतबारे घातला होता.

चाचा जवळ आले. "कोनी सांगं तुले आठे वायसर टाकाले?"

"तुम्हीनच."

"मी?"

"मी बिनवायसरना बोल्ट लावा म्हनीसन थप्पड मारेल व्हती तुम्हीन. याद नही का?"

 ट्रॅक्टर शेतात दिवसभर हादरतो, वायसर नसेल तर बोल्ट वाटेत गळून पडतात. त्यांनी बांधलेल्या ट्रॅक्टरचा बोल्ट कधी पडलेला नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

"ती ट्रॅक्टरनी थप्पड व्हती," ते म्हणाले, आणि खाटेवर जाऊन बसले.

भाईनं रंग खरवडला, पॉलिश पेपर फिरवून लोखंड उघडं केलं. नवा सेन्सर त्यानं बाजूला ठेवला आणि आधीचाच लावला. तो खरंच खराब होता की नाही ते बघायचं होतं. बोल्ट अंदाजानं आवळला नाही. छोटा टॉर्क पाना मागून आणला आणि मोजून आवळला. इंजिन चालू करून पुन्हा पान्यानं ठोकलं. माझ्या हातातल्या स्कॅनरवर आकडा झटकन खाली आला आणि हळूहळू वर गेला. त्यानं पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच झालं. मग तो कारण नसताना आणखी दोन-चारदा ठोकत बसला.

"बस कर," चाचा म्हणाले. "फुटी जाई."

कोड पुसून दुसऱ्या दिवशी आम्ही मोलगीला गेलो. भाई माझ्या शेजारी बसला. चाचा कुणी बोलावलं नसताना मागं बर्फाच्या डब्याशेजारी बसले. घाटात सगळ्यांचे डोळे डॅशबोर्डवर होते, म्हणून रस्ता मला एकटीलाच बघावा लागला. गाडी दुसऱ्या गिअरवर चढली. माथ्यावर पोचेपर्यंत दिवा लागला नाही.

"पेट्रोल गाडीले आवाजच नही," चाचा शेवटी म्हणाले. "झोप लागस."

नवा सेन्सर माझ्या डॅशबोर्डच्या खणात अजून आहे. यजमानांनी एकदा तो काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

नंतर ट्रॅक्टरच्या कामासाठी गॅरेजात गेले, तर चाचांची खाट लिंबाखालून हलवून भिंतीकडे नेली होती. लिंबाच्या सावलीत नवापूरची एक मोटार बॉनेट उघडून उभी होती आणि भाई तिच्या ब्लॉकला चंदेरी रंग मारत होता. रंग काही त्यानं सोडलेला नाही. सेन्सरच्या जागेवर मात्र आधी चिकटपट्टीचा तुकडा लावतो. चाचा भिंतीकडून ओरडून विचारतात, "पट्टी लावनी का?" आणि त्यानं हो म्हटलं, तरी उठून बघून येतात.