तणसीपुढे थांबणारा ड्रायव्हर

सानगडी-साकोली बसला इतका सावध ड्रायव्हर नेमका माझ्या परीक्षेच्या दिवशी वाट्याला आला. फुकटात मळणी व्हावी म्हणून शेतकरी डांबरी रस्त्यावर धान पसरत, आणि इतर गाड्या ते तुडवत जात. हा मात्र प्रत्येक ढिगापाशी उतरून काठीने तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, चाचपे.

"काहून उतरता जी, नवरी शोधून राहिले का?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं. मीही हळूच हसले.

"खाली काय आहे ते मले इथून दिसत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

तिसऱ्या ढिगातून एक म्हातारी निघाली. धानाची राखण करताना थंडीमुळे तणीस पांघरून झोपली होती.

"झोप कायले मोडली रे?" ती खेकसली. त्याने माफी मागितली.

माझा पेपर एव्हाना सुरू झाला असेल, पण मी घड्याळ पाहिलं नाही. पुढच्या ढिगाशी तो मागच्या बाकावरचा सगळ्यांत आधी उतरला आणि गाडी जपून कशी चालवावी, हे ड्रायव्हरला समजावू लागला.