डोळ्याखालचा भोवरा

"घाव तं पुरा सुकला, डाक्टरसायेब. मंग घोडी खाऊन काऊन नाही राह्यली?"

बापूराव हे मला विचारत होते तेव्हा त्यांची घोडी गोठ्यात चारही पाय फाकवून उभी होती. मान ताठ, शेपटी वर उचललेली, जबडा घट्ट मिटलेला. मी तिच्या हनुवटीखाली हलकेच टिचकी मारली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सर्रकन अर्ध्या बुबुळावर आला. एवढ्यावरच निदान झालं. धनुर्वात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीत गुरांचा डॉक्टर होतो. बापूराव रामाकोन्याचे संत्रा बागाईतदार. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नवरदेव भाड्याच्या घोडीवर बसला तर घराण्याची इज्जत जाते, म्हणून त्यांनी घरचीच पांढरी घोडी घेतली. जनावर खरंच देखणं होतं. स्वभाव इतका गरीब की मागे एकदा मी दात पाहायला तोंड उघडलं, तर माझाच शर्ट चाटायला लागली.

"हा घाव कशाचा?" मी विचारलं. डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढी काळी खपली होती.

"तिथं भोवरा होता," बापूराव आवाज उतरवून म्हणाले.

आमच्याकडचे घोडेवाले घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे आधी पाहतात. दात, खूर, छाती, हे सगळं नंतर. डोळ्याखाली भोवरा असला की घोडी मालकाला रडवते म्हणे. सौदा झाल्यावर गावातल्या शहाण्यांनी तो दाखवला. कोणीही घोडी परत केली असती किंवा दुर्लक्ष केलं असतं. बापूरावांनी भोवराच काढून टाकायचं ठरवलं. लोहाराला बोलावलं, विळा तापवला आणि भोवरा जाळला. वरून घोडीचीच लीद आणि राख थापली.

"लीद कोणी सांगितली?"

"सांगाले कोण पाह्यजे? घरचीच तं होती."

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत राहतात. त्यांना हवा नको असते. बापूरावांनी त्यांना आत सोडलं आणि वरून खपलीचं दार लावून घेतलं. घाव बाहेरून सुकत होता, आतून विष तयार होत होतं.

मी खपली काढून घाव धुतला, पेनिसिलिन टोचलं. विषावरचा उतारा, अँटिटॉक्सिन, नागपूरहून आणायला त्यांची जीप पाठवली. घोडीच्या कानात कापसाचे बोळे घातले, गोठ्याला गोणपाट लावून अंधार केला. या रोगात आवाज झाला की सगळं अंग आखडतं. म्हणून बापूरावांना म्हटलं, "आधी तो भोंगा बंद करा."

मांडवात सकाळपासून गाणी वाजत होती.

"लगनाचं घर हाय, सायेब. भोंगा बंद केला तं सोयरे म्हणतीन का इथं मयत झाली."

"सुरू ठेवलात तर खरंच होईल."

बापूरावांनी फार विचार केला आणि भोंग्याचं तोंड शेजाऱ्याच्या घराकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी अँटिटॉक्सिन टोचल्यावर घोडीने बादलीत तोंड घातलं, ती दोन घोट पाणी प्यायली. मला आशा वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी बँडवाल्यांनी अंगणात वरातीची तालीम घेतली. पहिल्या ढोलाबरोबर ती आडवी झाली, ती उठली नाही. मी तिच्या मानेवर हात ठेवून बसलो होतो. त्या दिवशी मला बापूरावांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही.

आणि बापूराव रडत होते. खोटं नाही, ढसाढसा. गाव जमलं, एकमेकांकडे पाहून माना हलवू लागलं. भोवरा खरा निघाला होता.

"बापूराव," मी म्हटलं, "तुम्ही डागलं नसतं तर ती आज वरातीत चालली असती."

त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "डागलं म्हणून नाही, सायेब. लोहारानं हात हलका ठेवला. भोवरा पुरा जळलाच नाही."

नवरदेव पांढुर्ण्याहून आणलेल्या भाड्याच्या घोडीवर बसून गेला.

दोन महिन्यांनी बापूरावांनी मला बोरगावला बोलावलं. त्यांना तांबडी घोडी पसंत पडली होती. सौद्याआधी मी तपासावी, ही त्यांची अट. मला बरं वाटलं, माणूस सुधारला. मी फुफ्फुसं ऐकली, खूर उचलून पाहिले, दात पाहिले.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "भोवरे पाहा. तुमी शिकलेले हाय, तुमच्या नजरेतून सुटणार नाही."

मी वाकलो. पोटाखाली, बेंबीच्या बाजूला चांगला ठसठशीत भोवरा होता, घोडेवाल्यांच्या लेखी अशुभच. बापूरावांचं पोट त्यांना तिथवर वाकू देत नव्हतं.

"काही नाही," मी उठून हात झटकत म्हटलं. "घोडी साफ आहे."

ती घोडी त्यांच्याकडे पुष्कळ वर्षं सुखाने जगली. माझ्या कोणत्याही इंजेक्शनचा कोणत्याही जनावराला एवढा गुण आला नाही.